कोर्टातली मोफत वकिलाची सेवा (जिल्हा विधी सेवा प्राधिकरण) : माझा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

मी सहसा रिव्ह्यू लिहीत नाही, पण हा लिहायचाच होता कारण ज्या गोष्टीसाठी मी चार महिने झोप घालवली ती सोडवणारी जागा माझ्या रोजच्या बसस्टॉपपासून दहा मिनिटांवर होती आणि मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. नाव ऐकून वाटतं काहीतरी मोठ्या लोकांचं ऑफिस असेल, पण ते आपल्यासाठीच आहे, जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते.

तर झालं असं की मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, धाकटा भाऊ शिकायला माझ्याकडे, म्हणून आम्ही वन बीएचके भाड्याने घेतला होता. लिव्ह अँड लायसन्स, ११ महिने, डिपॉझिट ६०,०००. ते साठ हजार मी दोन वर्षं भिशी लावून जमवले होते. मुदत संपली, महिनाभर आधी सांगून आम्ही रूम सोडली, चावी दिली, आणि घरमालक म्हणाले पुढच्या आठवड्यात पाठवतो. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात. मग एक दिवस व्हॉट्सॲपवर हिशोबच आला, कलरकाम २२,०००, किचन ओट्याचं काम १५,०००, प्लंबिंग, साफसफाई, अमुक तमुक, आणि शेवटी लिहिलेलं की तुमचं काही निघत नाही. ओट्याला तडा आम्ही राहायला गेलो तेव्हापासूनच होता. मी तो मेसेज वाचून लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, खरं सांगते.

पोलीस चौकीत गेले तर तिथले हवालदार म्हणाले मॅडम हे सिव्हिल मॅटर आहे, आम्ही यात काही करू शकत नाही. तेव्हा खूप राग आला होता, नंतर कळलं की ते बरोबरच सांगत होते, पैशाच्या देण्याघेण्याचा वाद पोलीस मिटवत नाहीत. फक्त मग कुठे जायचं तेवढं एक वाक्य त्यांनी पुढे सांगितलं असतं तर माझा दीड महिना वाचला असता. ओळखीतल्या एका वकिलांना विचारलं तर नुसत्या नोटिशीचे १०,००० आणि केस लढायची तर वेगळे. साठ हजारासाठी किती घालायचे याचा हिशोब करत बसले आणि जवळजवळ सोडून दिलं होतं.

लॅबमधल्या एका सीनियर ताईंनी सांगितलं, अगं बाईला सरकारकडून वकील फुकट मिळतो, माझ्या नणंदेला पोटगीच्या वेळी मिळाला होता. मी म्हटलं तो गरिबांना मिळत असेल, मला पगार आहे. तिथेच माझी चूक होती आणि मला वाटतं निम्म्या बायकांची हीच समजूत असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये लिहिलंय कोणाकोणाला मोफत मदत मिळते, आणि त्यात स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अटच नाही. पगार कितीही असो. तसंच अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत किंवा जेलमध्ये असलेले, पूर-दुष्काळ-भूकंप यात सापडलेले, यांनाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख. म्हणजे अ‍ॅग्रीमेंट भावाच्या नावावर असतं तर त्याला उत्पन्नाचा दाखला काढत फिरावं लागलं असतं, मला नुसतं आधार कार्ड पुरलं.

आता ऑफिसबद्दल. पहिली तक्रार इथेच. बोर्ड सापडत नाही. कोर्टाच्या गेटवर विचारलं तर एकाने मागच्या बिल्डिंगमध्ये पाठवलं, दुसऱ्याने टायपिस्टच्या रांगेकडे, आणि काळा कोट घातलेल्या एकाने "काय काम आहे, मी करून देतो" म्हणून मागेच धरलं. जी बाई पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढतेय तिच्या पोटात आधीच गोळा आलेला असतो हो, तिला सरळ दिसेल असा एक मोठा बोर्ड गेटलाच लावायला काय हरकत आहे. खोली तळमजल्यावर होती, छोटीशी, दोन टेबलं, चार खुर्च्या, भिंतीवर राज्यघटनेचा अनुच्छेद ३९अ मोठ्या अक्षरात लिहिलेला. तो १९७६ साली घटनेत घातला, पैशाअभावी किंवा दुसऱ्या कुठल्या अडचणीमुळे कोणाची न्यायाची संधी जाऊ नये, राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असा त्याचा अर्थ. क्लार्क जेवायला गेलेले म्हणून मी पाऊण तास ते वाचत बसले होते, त्यामुळे पाठच झालंय.

पण त्या पाऊण तासात मला विधी स्वयंसेवक ताई भेटल्या आणि या रिव्ह्यूमधले तीन स्टार एकट्या त्यांचे आहेत. या वकील नसतात, ट्रेनिंग दिलेल्या साध्या घरातल्या बायका-माणसं असतात, लोकांना अर्ज भरून द्यायचा, कुठल्या दारी जायचं ते सांगायचं हे त्यांचं काम. ताईंनी माझं अ‍ॅग्रीमेंट मागितलं आणि माझ्याशेजारी बसून एकेक कलम वाचायला लावलं. मी ते ११ महिने कपाटात ठेवलेलं, सही केली तेव्हाही वाचलं नव्हतं, एजंटने बोट ठेवलं तिथे अंगठा लावला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की रोजच्या वापराने होणारी स्वाभाविक झीज सोडून जे नुकसान होईल तेवढंच डिपॉझिटमधून कापायचं. ताई म्हणाल्या, मग कलरकाम कशात येतं, झिजेत की नुकसानीत? माझ्या तोंडून उत्तर काढून घेतलं त्यांनी. तुम्हाला सांगते, त्या क्षणी माझी भीती निम्मी गेली.

त्या दिवशी त्यांच्याकडून जे जे कळलं ते लिहून ठेवते, कोणाला तरी उपयोगी पडेल. व्हॉट्सॲपचं चॅट डिलीट करायचं नाही आणि शक्यतो तो फोनही विकायचा नाही, कारण "पुढच्या आठवड्यात पाठवतो" हा मेसेज म्हणजे पैसे देणं आहे हे समोरच्याने कबूल केल्यासारखंच आहे. पैसे वसुलीचा दावा ३ वर्षांच्या आत लावावा लागतो, त्यामुळे वर्षानुवर्षं "देतो देतो" वर थांबायचं नाही. आणि माझ्या शेजारी एक कॉलेजचा मुलगा बसलेला, त्याचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टरच केलेलं नव्हतं आणि मालक त्याला म्हणत होता तुझ्याकडे कागदच नाही तू काय करणार. ताईंनी त्याला सांगितलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, नाही केला तर मालकालाच शिक्षा होऊ शकते, आणि अटी काय ठरल्या होत्या यावर वाद झाला तर दुसरं सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

एक आजी होत्या, खेड्यावरून आलेल्या, सकाळची एसटी पकडून. मुलाच्या नावावर घर बक्षीसपत्र करून दिलं आणि आता तो जेवायलाही विचारत नाही. त्यांना वाटत होतं वकील लागेल, केस लागेल, आपण तोवर जगतो का. ताईंनी त्यांना सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, अर्ज प्रांत ऑफिसला करायचा, तिथे वकील लागतच नाही, महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं असेल तर ते बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं. अर्ज ताईंनीच लिहून दिला. आजींनी निघताना त्यांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी कितीतरी वेळ तेच बघत होते.

माझ्या प्रकरणाकडे येते. अर्जाची भाषा मात्र बदला हो कोणीतरी, अर्जदार, सामनेवाले, वादाचे कारण थोडक्यात नमूद करावे, आपण मराठीच पण अडखळायला होतं. अर्ज दिल्यावर आठवड्याभरात पॅनलवरच्या (म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या) वकील मॅडम मिळाल्या. त्या म्हणाल्या लगेच दावा नको लावू, आधी दावा दाखलपूर्व प्रकरण (म्हणजे दावा लावायच्या आधीचं) करून लोक अदालतीत (जिथे तडजोडीने वाद मिटवतात) ठेवू, कोर्ट फी नाही काही नाही. घरमालकांना प्राधिकरणाकडून नोटीस गेली.

पहिल्या तारखेला ते आलेच नाहीत. आणि माझ्या वकील मॅडमही दुसऱ्या कोर्टात अडकल्या, फोन उचलला नाही, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाकड्यावर बसून परत आले. हा एक स्टार तिथे कापलाय. पॅनलच्या वकिलांना सरकारकडून मिळणारं मानधन फारच कमी असतं असं ऐकलं, त्यांचीही अडचण असेल, पण तारीख पुढे जाणार आहे हा एक मेसेज आला असता तरी चाललं असतं. नंतर कळलं की वकील नीट लक्ष देत नसेल तर सचिवांकडे लेखी अर्ज करून वकील बदलून मागता येतो, आणि वकिलाने पैसे मागितले तर त्याचीही तक्रार तिथेच करायची कारण त्यांना तुमच्याकडून एक रुपया घ्यायचा अधिकार नाही. प्राधिकरणाचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात. हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर छापून हातात द्यायला पाहिजे.

दुसरी गोष्ट समजून घ्या, दाखलपूर्व प्रकरणात समोरच्याला जबरदस्तीने आणता येत नाही. तो आलाच नाही तर तुमचं प्रकरण तिथे संपतं आणि मग रीतसर दावा लावावा लागतो, त्यालाही वकील मोफतच मिळतो पण वेळ जातो. माझ्या वेळी मॅडमनी नंतर स्वतः फोन करून मालकांना समजावलं की दावा लागला तर व्याज आणि खर्चही मागू, आणि मग ते आले.

लोक अदालत शनिवारी होती. एवढी गर्दी मी कोर्टात कधी बघितली नव्हती, चेक बाऊन्सवाले, बँकेच्या थकबाकीवाले, वीजबिलवाले, अपघाताच्या क्लेमवाले, सगळे एकाच दिवशी. टेबलामागे न्यायाधीश, एक वकील आणि एक समाजसेविका, असं पॅनल. मालक म्हणाले २०,००० देतो. मी फोटो दाखवले, राहायला गेल्याच्या पहिल्या दिवशी भावाने गंमत म्हणून सगळ्या खोल्यांचे काढलेले, त्यात ओट्याचा तडा स्पष्ट दिसत होता. न्यायाधीश साहेबांनी फोटो मोठा करून मालकांना दाखवला, काही बोलले नाहीत, फक्त दाखवला. मग आकडा वर सरकायला लागला. शेवटी ५२,००० वर तडजोड झाली, निम्मे तिथेच यूपीआयने आणि निम्मे ३० दिवसांत.

पूर्ण साठ मिळायला हवे होते असं मला अजून वाटतं. सही करायच्या आधी मॅडमनी मला बाहेर नेऊन सांगितलं की बघ, लोक अदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो, त्याने उरलेले नाही दिले तर वसुलीला जाता येईल, पण या निवाड्यावर अपील होत नाही, त्यामुळे मनापासून पटत असेल तरच सही कर, नाही म्हणालीस तरी मी दावा लढेन. त्यांच्यावरचा माझा सगळा राग तिथे गेला. मी दहा मिनिटं विचार केला, भावाला फोन केला, आणि सही केली. तुम्हाला कोणी घाईघाईत सही करा म्हणालं तर करू नका, तडजोड दोघांच्या मर्जीनेच होते. उरलेले पैसे सत्ताविसाव्या दिवशी आले.

मला खर्च आला तो झेरॉक्स आणि रिक्षाचा. आणि तीन अर्ध्या रजा.

ताईंनी जाताना एक घडीपत्रिका दिली होती, ती मी लॅबच्या नोटीस बोर्डावर लावलीय. त्यात आहे की एफआयआरची प्रत तक्रार देणाऱ्याला मोफत मिळते, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, आणि साक्षीसाठी बाईला किंवा ६० वर्षांवरच्या माणसाला पोलीस स्टेशनला यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. आमच्या इथल्या साफसफाईच्या मावशींनी ते दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन आल्या.

कोर्टात जायची भीती वाटत असेल तर आधी १५१०० ला फोन करा, ती याच सेवेची हेल्पलाइन आहे, अर्ज ऑनलाइनही करता येतो. पण जमत असेल तर समक्ष जा, ताईंसारखं माणूस फोनवर भेटत नाही. सकाळी अकराच्या आसपास जा, जेवणाच्या सुट्टीत नको, आणि आधार आणि अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स दोन-दोन प्रती घरूनच काढून न्या, आमच्या कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे कायम रांग असते.