साडेपाच तास मागे: दुरुस्ती होस्टवर की विंडोजमध्ये?

अंबड एमआयडीसीतल्या कारखान्याचा विंडोज सर्व्हर केव्हीएमवर (लिनक्समधली आभासी संगणक चालवणारी यंत्रणा) हलवला आणि घड्याळ नेमकं साडेपाच तास मागे गेलं, तर बॅटरीला दोष देऊ नका. केव्हीएम यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) वेळ देतं, विंडोज तिला स्थानिक समजतं.

होस्टवर, म्हणजे केव्हीएम चालवणाऱ्या मूळ यंत्रावर, लिबव्हर्टच्या (केव्हीएम सांभाळणारं साधन) एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये क्लॉक ऑफसेट ‘लोकलटाइम’ करा. विंडोजला हातही लागत नाही. मात्र व्हीएम (आभासी संगणक) पूर्ण बंद करून सुरू करावी लागते, नुसतं रीबूट चालत नाही. होस्टच यूटीसीवर असेल तर ‘टाइमझोन’ निवडून ‘एशिया/कोलकाता’ द्या.

विंडोजच्या रजिस्ट्रीतली (अंतर्गत सेटिंगचा साठा) ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नोंद १ केली तरी भागतं. पण व्हीएम परत व्हीएमवेअरवर (केव्हीएमसारखीच दुसरी यंत्रणा) नेली की घड्याळ साडेपाच तास पुढे जाऊ शकतं! मी होस्टवरच बदल करीन.

फरक मिनिटांचाच असेल तर एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा) तपासा.