बांधकाम सुरू असलेले घर की रिसेलचे? मुंबई परिसरात निर्णय घेणाऱ्यांसाठी

मुंबई महानगर परिसरात नोकरदार कुटुंब घर शोधू लागले की निवड लवकरच दोन पर्यायांवर येऊन ठेपते. एकीकडे बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतील नवी सदनिका असते आणि दुसरीकडे 15-20 वर्षे नांदत्या असलेल्या सोसायटीतील रिसेलचा फ्लॅट. ओसी (राहण्यास परवानगी देणारे भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेले नवेकोरे घर दोहोंपेक्षा चांगलेच, परंतु त्याचा दर एवढा चढा असतो की बहुतेकांच्या यादीतून ते आधीच गळते. मी दोन्हीकडे बोलणी बरीच पुढे नेली होती आणि अखेरीस रिसेलचे घर घेतले. माझे कारण सर्वांना लागू पडेलच असे नाही, तरीही ते सविस्तर सांगावेसे वाटते, कारण जाहिरातीतील किमतींच्या तुलनेत ते कुठेच दिसत नाही.

प्रथम पैशांचा विचार करू. एक कोटी रुपयांचे घर धरले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यावर जास्तीत जास्त 75 लाखांच्या आसपास कर्ज मिळते. मुंबईतील 6 टक्के मुद्रांक शुल्क (खरेदीदार महिला असल्यास त्यात 1 टक्का सवलत) आणि 30 हजारांचे नोंदणी शुल्क कर्ज ठरवताना घराच्या किमतीत धरले जात नाही. म्हणजे 31 लाखांहून अधिक रक्कम स्वतःजवळ असावी लागते, आणि महानगरात घर परवडत नाही असे आपण म्हणतो तेव्हा खरी अडचण हप्त्यापेक्षा या रकमेची असते. बांधकाम सुरू असलेल्या घरावर याखेरीज 5 टक्के जीएसटी लागतो. 45 लाखांपर्यंतच्या लहान घरांना तो 1 टक्का आहे, परंतु मुंबई शहरात तशी घरे शोधूनच काढावी लागतात. शिवाय पार्किंग, क्लब हाऊस आणि देखभालीची आगाऊ रक्कम असे आकडे पहिल्या भेटीत सहसा सांगितले जात नाहीत. रिसेलला जीएसटी नाही, मात्र एजंटची साधारण 1 ते 2 टक्के दलाली आणि प्लंबिंग, वायरिंग, रंगकाम यांचा खर्च मिळून ती बचत बरीचशी खाऊन टाकतात. त्यामुळे केवळ या हिशोबावर मला कोणतीही बाजू निश्चितपणे जड वाटली नाही.

कायद्याचे संरक्षण पाहिले तर नवे घर स्पष्टपणे पुढे आहे, हे मान्य करायलाच हवे. 2017 मध्ये महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) आल्यापासून चटई क्षेत्रावरच, म्हणजे घराच्या आतील प्रत्यक्ष वापराच्या जागेवरच व्यवहार होतो, नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम जमीन आणि बांधकामाच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि बांधकामातील दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे बिल्डरवर राहते. जुन्या घराच्या विक्रेत्याकडून यातले काहीच मिळत नाही.

असे असूनही माझा निर्णय फिरला तो ताब्याच्या तारखेमुळे. एका प्रकल्पात आमचे जवळजवळ नक्की झाले होते. सेल्स ऑफिसमध्ये ताब्याची एक तारीख सांगितली गेली, कराराच्या मसुद्यात तिच्या बऱ्याच पुढची तारीख होती आणि वर बिल्डरला आणखी उशीर करण्याची मुभा देणारा सवलतीचा काळ जोडलेला होता. महारेराच्या संकेतस्थळावर त्याच प्रकल्पासमोर तिसरीच तारीख नोंदवलेली होती. विचारणा केल्यावर अतिशय सौजन्याने उत्तर मिळाले की तिन्ही तारखा आपापल्या जागी बरोबर आहेत. कदाचित असतीलही. परंतु आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो, 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार संपत आला होता, आणि मालकाला मुदतवाढ मागायची तर किती काळासाठी, मुलीचा शाळाप्रवेश कोणत्या भागात घ्यायचा, पुढच्या वर्षी वाढलेले भाडे आणि पुन्हा दलाली यांची तजवीज करायची की नाही, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या एका तारखेवर अवलंबून होते आणि ती तारीख खात्रीने सांगू शकेल असे कोणीच नव्हते. विलंब झाल्यास स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (कर्जाच्या आधारभूत व्याजदरावर) 2 टक्के अधिक या दराने व्याज मागण्याचा हक्क कायदा देतो. तो हक्क मोलाचा आहे, पण ते व्याज मिळवण्यासाठी अनेकदा तक्रार, सुनावणी आणि वसुली या वाटेने जावे लागते, आणि त्या काळात भाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते.

याच काळात प्री-ईएमआयही सुरू होतो, म्हणजे न मिळालेल्या घराचे व्याज आणि राहत्या घराचे भाडे एकाच पगारातून भरावे लागते. जुन्या करप्रणालीत बांधकामकाळातील व्याजाची वजावट मिळते, परंतु तीही बांधकाम पूर्ण झाल्यानंतर पाच समान वार्षिक भागांत आणि 2 लाखांच्या एकूण मर्यादेतच. मी भाडे आणि व्याज मिळून वर्षभराचा विलंब किमतीत धरून पाहिला, तेव्हा दोन्ही घरे खर्चाला साधारण सारखीच पडतात ही माझी समजूत टिकली नाही.

रिसेलच्या घरातही त्रास कमी नाही. काही रक्कम रोखीने देण्याची मागणी आम्हाला एकाहून अधिक ठिकाणी झाली. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे कायद्याला मान्य नाही, आणि त्या रकमेवर कर्जही मिळत नाही. अशा ठिकाणी बोलणी तिथेच थांबवावीत असे माझे मत आहे. आधीच्या प्रत्येक मालकाचा मूळ करार, सोसायटीचे सभासदत्व दाखवणारे शेअर सर्टिफिकेट आणि ओसी पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. सोसायटीला महापालिका क्षेत्रात हस्तांतरणासाठी 25 हजारांहून अधिक प्रीमियम घेता येत नाही, हे माहीत असलेले बरे. कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करणे, झाले आहे का, हा प्रश्न तर आवर्जून विचारावा, कारण जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी ती गाठ सोडवावी लागते. बिल्डर किंवा मालक टाळत असेल तर सरकारी अधिकाऱ्यामार्फत कन्व्हेयन्स करून घेण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे, पण ते काम सोसायटीच्या समितीने मनावर घ्यावे लागते. इमारत 30 वर्षांच्या पुढे असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल मागून वाचावा.

ही सर्व कटकट खरी आहे, परंतु ती बहुतांशी पैसे देण्यापूर्वीची आहे. भिंतीतली ओल, पाण्याची वेळ, लिफ्टची अवस्था, दुपारी कोणत्या खोलीत ऊन येते, शेजारी कोण आहेत, हे सारे त्या घरात उभे राहून आणि सोसायटीच्या सचिवांशी बोलून कळते. आम्हाला घर काहीसे लहान मिळाले आणि स्वयंपाकघर नव्याने करावे लागले, तरी किल्ल्या कोणत्या दिवशी मिळणार हे करार नोंदवतानाच ठाऊक होते आणि भाड्याच्या घराची नोटीस आम्ही त्याप्रमाणे निश्चिंतपणे देऊ शकलो.

ज्यांना भाडे भरावे लागत नाही, जे आई-वडिलांच्या घरी राहतात किंवा कंपनीच्या निवासस्थानात आहेत, त्यांच्यासाठी हा हिशोब वेगळा असू शकेल. नव्या घराचे पैसे टप्प्याटप्प्याने देण्याची सोय त्यांना खरोखरच उपयोगी पडते. त्यांनीही बुकिंगपूर्वी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदवलेली तारीख, तिला आधी किती वेळा मुदतवाढ मिळाली आहे आणि दर तिमाहीला द्यावी लागणारी प्रगतीची माहिती नियमित भरली आहे का, एवढे पाहावे, आणि त्याच बिल्डरच्या आधीच्या इमारतीत जाऊन तिथल्या रहिवाशांना ताबा प्रत्यक्षात कधी मिळाला ते विचारावे.