गोव्याच्या आभाळासाठी कॅनन जी७ एक्स मार्क २

हा कॅमेरा आभाळासाठी घडवलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कॅननने २०१६ साली पॉवरशॉट जी७ एक्स मार्क २ बाजारात आणला, तेव्हा त्याचा रोख माणसांच्या चेहऱ्यांवर होता हे त्याच्या बांधणीवरूनच कळते. पडदा वर उलटून स्वतःकडे फिरवता येतो आणि संध्याकाळच्या घरगुती उजेडातही लेन्स काम भागवते. मी मात्र गेले तीन पावसाळे तो जवळजवळ केवळ ढगांसाठी वापरला आहे. पणजीत अल्तिनोच्या टेकडीवरून, रायबंदरच्या बांधरस्त्यावरून, चोडणच्या फेरीबोटीतून आणि पेडण्याच्या सड्यांवरून, म्हणजे कातळी पठारांवरून, काढलेल्या काही हजार चित्रांनंतर हे लिहीत आहे, तेव्हा चेहरे, चलच्चित्रे आणि जेवणाची ताटे हा कॅमेरा कशी टिपतो, याबद्दल येथे काही सापडणार नाही.

वजन ३१९ ग्रॅम. शर्टाच्या खिशाला ते झेपत नाही, पण पावसाळी जॅकेटच्या खिशात सहज मावते, आणि ढगांच्या बाबतीत ही गोष्ट चित्राच्या दर्जाइतकीच मोलाची आहे, कारण दुपारी चारला घाटाच्या बाजूने वर आलेला ढग सव्वाचारला तसा राहत नाही. आतला सेन्सर एक इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मापाचा, म्हणजे प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा आहे. बहुतेक मोबाइलमधल्या सेन्सरपेक्षा तो मोठा आहे आणि रॉ फाइलही (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली नोंद) देतो. ढगाची उन्हाने पेटलेली कड आणि त्याचे काळेभोर बूड एकाच चौकटीत सांभाळायचे असेल, तर या दोन गोष्टींचा आधार लागतोच.

तरीही मला हा कॅमेरा सोडवत नाही तो सेन्सरमुळे नव्हे, तर डोक्यावरच्या एका चकतीमुळे. मोड निवडण्याच्या चकतीखालीच एक्स्पोजर, म्हणजे चित्रात येणारा प्रकाश, कमी-जास्त करण्याची दुसरी चकती बसवलेली आहे, तीन स्टॉप वर आणि तीन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). प्रत्येक कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. रस्ता, झाड, माणूस यांच्या बाबतीत हा अंदाज बहुधा खपून जातो, पण आभाळापुढे तो दोन्ही बाजूंनी फसतो. भाद्रपदातल्या शुभ्र राशिमेघांनी चौकट भरली की कॅमेरा घाबरून चित्र काळवंडून टाकतो आणि कापसासारखा ढग राखेसारखा दिसतो. उलट मृगाच्या तोंडावर समुद्रावरून चढून येणारे जांभळे-काळे आभाळ त्याला दाखवले, तर तो ते उजळवून सौम्य करड्यावर आणतो आणि पाहणाऱ्याच्या पोटात जो गोळा आलेला असतो त्याचा चित्रात मागमूसही उरत नाही. पहिल्या वेळी चकती दोन-तीन खुणा वर सरकवायची, दुसऱ्या वेळी तितक्याच खाली. मेनूत न शिरता, आभाळावरची नजर न हटवता, अंगठ्याने हे करता येते. चकती पुन्हा शून्यावर आणायला विसरल्यामुळे चवथीच्या मखराची सगळी चित्रे मी काळी करून ठेवली होती, पण तो दोष माझा.

मोबाइल असताना हे कशाला, असा प्रश्न घरातूनच झाला होता. मोबाइल एकाच वेळी कमी-अधिक प्रकाशाची अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांत मिसळतो आणि सावल्या उचलून, उजेड दाबून सगळे काही दिसेल असे चित्र हाती देतो. पाहायला ते छान असते. पण गडगडाटी ढगाचे सारे नाट्य उजेड आणि अंधार यांच्या अंतरात असते, आणि नेमके तेच अंतर तो बुजवतो. माझ्या मोबाइलमधला वादळी ढग आणि या कॅमेऱ्यातला तोच ढग शेजारी ठेवून दाखवल्यावर घरातला प्रश्न मिटला.

या कॅमेऱ्याचा खरा हंगाम हस्त नक्षत्राच्या आसपास सुरू होतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून परतीचा पाऊस संपेपर्यंत समुद्रावरून येणारा दमट वारा दुपारनंतर सह्याद्रीपर्यंत पोचतो. किनाऱ्यावरचे आभाळ निवळलेले असते आणि पूर्वेला सत्तरी-सांग्याच्या बाजूला ढगांचे मनोरे उभे राहतात. पणजीहून घाटाची रांग साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. क्युम्युलोनिम्बस, म्हणजे मराठी परिभाषेतला गर्जन्मेघ, बारा किलोमीटर उंच चढला तर एवढ्या अंतरावरून तो क्षितिजापासून साडेतेरा अंशांपर्यंत पोचलेला दिसतो, आणि पंधराच्या पुढे गेला तर सतराच्या जवळ. या कॅमेऱ्याची झूम पूर्ण ताणली, म्हणजे १०० मिलिमीटर समतुल्यावर नेली (हे माप ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने; आकडा मोठा तितकी चौकट अरुंद), की आडव्या चौकटीची उंची पावणेचौदा अंशांच्या आसपास भरते आणि उभ्या चौकटीची सुमारे वीस. कॅमेरा उभा धरला की पायथ्याच्या डोंगररेषेपासून ऐरणीसारख्या पसरलेल्या माथ्यापर्यंत अख्खा ढग मोजून घेतल्यासारखा त्यात बसतो. अल्तिनोच्या पूर्वेकडच्या कठड्यावर संध्याकाळी उभे राहिल्यास मावळता सूर्य पाठीशी असतो आणि तो मनोरा आधी पिवळा, मग गुलाबी, मग माथ्यावर तेवढा तांबूस होत जातो. मिरामारवर त्या वेळी सगळी गर्दी पश्चिमेला तोंड करून उभी असते, याची मला दर वर्षी नव्याने गंमत वाटते.

रुंद टोकाचा, म्हणजे २४ मिलिमीटरचा उपयोग वेगळा. सूर्याला किंवा चंद्राला खळे पडते तेव्हा ते बहुधा उंचावरच्या पातळ ढगांतील षट्कोनी हिमकणांमुळे पडते आणि त्याची त्रिज्या २२ अंश असते, म्हणजे आरपार ४४ अंश. चोवीस मिलिमीटरच्या आडव्या चौकटीची उंची ५३ अंश असल्यामुळे संपूर्ण वर्तुळ चारी बाजूंनी थोडी मोकळीक ठेवून मावते. अठ्ठावीस मिलिमीटरपासून सुरू होणाऱ्या खिशातल्या कॅमेऱ्यांत ही उंची जेमतेम ४६ अंशांवर येते आणि वर्तुळ कडांना घासते; कागदावर क्षुल्लक दिसणारा चार मिलिमीटरचा फरक येथे जाणवतो. आपल्याकडची जुनी माणसे खळे जवळ पडले की लांब, यावरून पावसाचा अंदाज बांधतात. यातले जवळचे खळे ही मुळात निराळीच गोष्ट आहे: पाण्याच्या बारीक थेंबांच्या विरळ ढगातून चंद्राभोवती दिसणारी काही अंशांची रंगीत कडी. तिला झूम पूर्ण ताणूनच टिपावे लागते आणि चंद्र पांढराफटक होणार हे मान्य करावे लागते. इंद्रधनुष्यापुढे मात्र हा कॅमेरा हरतो. त्याची त्रिज्या ४२ अंश, तेव्हा सूर्य क्षितिजालगत असताना कमान ८४ अंश रुंद होते आणि २४ मिलिमीटरची चौकट सुमारे ७४ अंशांवर थांबते. एक पाय तरी बाहेर राहतोच. दोन-तीन चित्रे शेजारी शेजारी काढून संगणकावर जोडणे हाच उपाय.

फोकस ही या कॅमेऱ्याची दुखरी बाजू आहे. तो छटांमधला फरक पाहून फोकस साधतो, आणि मऊ, एकसारख्या ढगात फरकच नसल्यामुळे लेन्स पुढे-मागे चाचपडत राहते व हिरवी चौकट काही लागत नाही. ढगाची उजळ कड, दूरची डोंगररेषा किंवा मांडवीवरच्या अटल सेतूची एखादी तार धरून शटर अर्धे दाबून ठेवावे आणि मग चौकट जुळवावी, अथवा सरळ हाताने फोकस लावावा. कडा रंगवून दाखवण्याची सोय त्यासाठी दिलेली आहे. रंगांच्या बाबतीतही कॅमेऱ्यावर विसंबू नये. आपोआप रंग जुळवणारी सेटिंग सूर्यास्ताचा तांबूसपणा म्हणजे दोष समजून तो धुऊन काढते, म्हणून मी ती कायमची दिवसाच्या उजेडावर ठेवली आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरत असल्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, आणि तेवढ्या वेळात मेनूशी झटापट परवडत नाही.

प्रकाश आठपटीने कमी करणारा एनडी फिल्टर आतच बसवलेला आहे, हे ऐकून मी हरखलो होतो. धावत्या ढगांचे पट्टे भर दुपारी काढता येतील अशी माझी समजूत होती, पण साधा हिशेब केला असता तर ती झाली नसती. लख्ख उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १२५ आणि एफ/११ ला, म्हणजे लेन्सचे छिद्र सर्वांत लहान असताना, शटर १/२५० सेकंदाच्या आसपास येते, फिल्टर लावल्यावर ते १/३० वर पोचते, आणि तेवढ्यात ढग जागचा हलत नाही. सूर्य मावळल्यावर मात्र तोच फिल्टर काही सेकंदांचे एक्स्पोजर देतो आणि मांडवीच्या पाण्यासकट ढग दुधासारखे पसरतात. त्यातही एफ/११ वर इतक्या लहान सेन्सरचे चित्र विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, किंचित मऊ पडते. एफ/४ ते एफ/५.६ हीच त्याची उत्तम जागा. लेन्सला पुढे आटे नाहीत, त्यामुळे पोलरायझर, म्हणजे आभाळाचा निळा रंग गडद करणारा फिल्टर, लावायचा तर चिकटवायची कडी घ्यावी लागते. मी ती घेतली आणि काढून टाकली. पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात सर्वांत जास्त असतो, त्यामुळे २४ मिलिमीटरवर आभाळाच्या मधोमध गडद निळा डाग आणि दोन्ही बाजूंना फिका रंग, असे विचित्र चित्र मिळते.

डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही, आणि सड्यावरच्या भर उन्हात पडदा नीट दिसत नाही; टोपीची सावली धरून भागवावे लागते. पण हाच पडदा एका कामाला अप्रतिम आहे. ढग थेट डोक्यावर असताना पडदा काटकोनात उघडावा आणि लेन्स आभाळाकडे वळवावी. पडदा आपल्या चेहऱ्यासमोर सरळ येतो आणि मान मोडून वर पाहावे लागत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको. बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार २६५ चित्रे देते, पॉवर बँकेवर चार्ज होते, आणि टाइम-लॅप्सचा नाद असेल तर दुसरी जवळ ठेवावी.

आता गोव्यातल्या हवेविषयी. या कॅमेऱ्याला पाणी वा धूळ रोखणारे संरक्षण नाही, आणि त्याची लेन्स चालू करताना बाहेर येते व बंद करताना आत जाते. प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढली जाते, आणि ती हवा मोरजीच्या वाळूतली, फेरीबोटीवरच्या खाऱ्या तुषारांतली किंवा आषाढातल्या ओल्या दुपारची असू शकते. भिंतीवरच्या कॅलेंडरला जेथे बुरा येतो, तेथे लेन्सला बुरशी येण्यात नवल नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यावर माझे काम भागले आहे. पुड्या दर महिन्याला मंद आचेवर सुकवतो. वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर काच धुरकट होते, तेव्हा पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि काच पुसत बसू नये. खरे तर जुलैत कॅमेरा डब्यात राहिला तरी फारसे बिघडत नाही. त्या महिन्यात आठवडेच्या आठवडे आभाळ एकसंध शिसवी चादरीसारखे असते, आणि त्यात चित्र शोधणे कोणत्याही किमतीच्या कॅमेऱ्याला जमत नाही.

याच्या पुढची आवृत्ती, मार्क ३, २०१९ साली आली. तिची लेन्स त्याच मापाची आहे, आणि सुधारणा बहुतांशी चलच्चित्रांच्या बाजूच्या आहेत. केवळ ढगांसाठी जास्तीचे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. मार्क २ आता वापरलेला मिळतो, मात्र घेताना डोळे उघडे ठेवावेत. मी पहिला घेतला तो एका दुकानातून, काउंटरवरच्या ट्यूबलाइटखाली पाहून. घरी येऊन पहिलेच चित्र आभाळाचे काढले, तर वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन राखाडी ठिपके दिसले. सेन्सरवरची धूळ होती, आणि लेन्स सुटी होत नसल्याने ती घरी काढता येण्यासारखी नव्हती. दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला; माणसांच्या फोटोत ते दिसत नाहीत, हे त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. दुसरा घेताना मी विजेरी लावून लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते का ते पाहिले, मग दुकानदाराला सांगून कॅमेरा रस्त्यावर आणला, एफ/११ लावले, फोकस मुद्दाम बिघडवला आणि दोन इमारतींच्या मधल्या कोऱ्या आभाळाचे एक चित्र काढून ते पडद्यावर मोठे करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासले. ते स्वच्छ निघाले, तेव्हाच पैसे दिले.