लिंक्डइनचं फीड निवडून घेतल्यावर: सहा महिन्यांच्या वापराचा अनुभव

फीड सुधारायचं म्हटलं की बहुतेकजण चांगल्या माणसांना फॉलो करत सुटतात. सहा महिन्यांच्या वापरानंतर क्रम उलटा लावावासा वाटतो: आधी काढायचं, भर नंतर घालायची.

सुरुवात मोजणीपासून करा. वरून सलग २० पोस्ट बघा आणि प्रत्येकीपुढे एक खूण करा: कामाची, ओळखीच्याची बातमी, जाहिरात किंवा सुचवलेली, आणि नुसतं भाषण. कागदावर पाच मिनिटांत होतं. महिन्याने पुन्हा तेच करा, म्हणजे फरक पडला की पडल्यासारखा वाटला ते कळतं.

मोजताना पोस्टच्या डोक्यावरची बारीक ओळ वाचायला विसरू नका. ‘अमुक यांनी लाइक केलं’, ‘तमुक यांनी कॉमेंट केली’ अशी ती ओळ असते. नको असलेल्या पोस्टपैकी बऱ्याच अशाच दारातून आलेल्या असतात. आपण वैतागून ती पोस्ट लपवतो, लेखकावर फुली मारतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच लाइक करणारा परिचित वेगळ्याच लेखकाची तसलीच पोस्ट घेऊन हजर! अनफॉलो करायचं ते त्या परिचिताला, लेखकाला नाही.

अनफॉलो करायला लोक उगाच संकोचतात. कनेक्शन जुळलं की फॉलो आपोआप होतं, पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अनफॉलो केलं तरी कनेक्शन राहतं, मेसेज चालू राहतात आणि समोरच्याला सूचना जात नाही. कनेक्शनची मर्यादा ३०,००० आहे. तेवढ्यांचं सगळं वाचावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. पोस्टवरच्या तीन टिंबांतून एकेकाला काढता येतं, पण ‘माय नेटवर्क’मधली फॉलो केलेल्यांची यादी उघडून एका बैठकीत २५-३० नावं तपासली तर काम लवकर आटपतं. कंपन्यांची पानंही तपासा. नोकरी शोधताना फॉलो केलेली पानं नोकरी लागल्यावरही तशीच राहिलेली असतात.

‘नॉट इंटरेस्टेड’ हे बटण कामाचं आहे, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. तो एक इशारा आहे, बंदी नव्हे. तुमचं वागणं त्याहून मोठ्याने बोलतं. एखाद्या पोस्टवर वाचक किती वेळ थांबतो हे क्रम लावताना धरलं जातं, असं लिंक्डइनच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये स्वतःच लिहिलं होतं. म्हणजे चिडून पूर्ण वाचलेली पोस्टही आवडीच्या खात्यात जमा होऊ शकते. ‘हे साफ चूक आहे’ अशी कॉमेंट तर त्याहून वाईट: यंत्राला त्यात सहभाग दिसतो, आणि ती पोस्ट तुमच्या ओळखीच्यांपर्यंतही पोचू शकते.

सेटिंग्जमध्ये, अकाउंट प्रेफरन्सेसखाली, फीडचा क्रम ‘मोस्ट रेलेव्हंट’वरून ‘मोस्ट रीसेंट’ करता येतो. हा बदल छाटणीच्या आधी करू नका. शेकडो माणसं फॉलो केलेली असताना ताजा क्रम लावला तर सगळ्यांचा कोलाहल एकदम अंगावर येतो. यादी आटोक्यात आल्यावर मात्र हाच क्रम बरा, कारण कालचं वाचून झालं की पुढे जायची गरज उरत नाही.

भर घालायची ती घंटीने. प्रोफाइलवरच्या घंटीच्या खुणेतून ‘ऑल’ निवडलं की त्या व्यक्तीच्या सगळ्या पोस्टची सूचना येते. १०-१५ जणांपुरतंच ठेवा, नाहीतर सूचनांचं दुसरं फीड तयार होतं. निवडताना फॉलोअर बघू नका, शेवटच्या दहा पोस्ट बघा. आकडे, आकृत्या, फसलेल्या प्रयोगांची कारणं असतील तर घ्या. प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीत असेल तर पुढे चला.

या सगळ्यापेक्षा फायद्याची गोष्ट खरं तर फीडच्या बाहेर आहे: लिंक्डइनचा शोध. उदाहरणार्थ, जलशुद्धीकरणात काम करणाऱ्याने ‘मेम्ब्रेन फाउलिंग’ (पाणी गाळणाऱ्या पडद्यावर घाण साचणं) हे शब्द इंग्रजीत, दुहेरी अवतरणात शोधावेत. मग ‘पोस्ट्स’ निवडावं, तारखेत मागचा आठवडा आणि क्रमात ‘लेटेस्ट’. संगणकावर ही गाळणी पानाच्या वेब-पत्त्यातच उतरते, त्यामुळे ते पान ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवता येतं. असे चार-पाच शोध आठवड्यातून एकदा उघडले की रोजचं स्क्रोलिंग बरंच कमी होतं. अवतरण विसरलात तर दोन्ही शब्द सुटे सुटे जुळतात आणि भलतंच समोर येतं. शब्दही धंद्यातला हवा. नुसतं ‘वॉटर’ टाकलं तर जागतिक दिनांच्या शुभेच्छा मिळतील.

‘सेव्ह’ केलेल्या पोस्टला संग्रह समजू नका. लेखकाने पोस्ट काढली की ती तुमच्याकडूनही जाते. कामाचा आकडा किंवा पद्धत त्याच वेळी स्वतःच्या टिपणात उतरवा, लेखकाच्या नावासकट.

छाटणी जास्त झाली तर काय होतं तेही सांगायला हवं. रिकामी जागा सुचवलेल्या पोस्ट आणि जाहिराती भरून काढतात. शिवाय जुन्या सहकाऱ्यांच्या नोकरीबदलाच्या बातम्या दिसेनाशा होतात, ज्या कधी कधी कोणत्याही तांत्रिक लेखाइतक्या मोलाच्या असतात. म्हणून ज्यांच्यासोबत प्रत्यक्ष काम केलं त्यांना, पोस्ट कंटाळवाण्या असल्या तरी, फॉलोमध्ये राहू द्यावं. विरुद्ध मताचे दोन-तीन जाणकारही ठेवावेत. आणि दर तीन महिन्यांनी घंटीची यादी पुन्हा चाळावी: माणूस प्रयोगशाळेतून विक्रीत गेला की त्याच्या पोस्टही त्याच्यासोबत विक्रीत जातात.