हिंगाची डबी: पिवळी पावडर घ्यावी की बांधणी खडा?

किराणा दुकानातली हिंगाची डबी उघडली की आत मुख्यतः असतं पीठ आणि डिंक. ही फसवणूक नव्हे. डबीवर ‘बांधणी’ किंवा ‘मिश्र हिंग’ अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असतंच, आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. यादीत सुरुवातीलाच मैदा आणि डिंक असतील आणि हिंग शेवटाकडे, तर काय विकत घेतोय ते लगेच समजतं. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. शुद्ध हिंगात मद्यार्कात विरघळणारा अंश (खऱ्या हिंगाचं प्रमाण त्यावरून कळतं) किमान 25 टक्के हवा, असं आपले अन्नसुरक्षा नियम सांगतात. मिश्र हिंगाला मात्र 5 टक्के पुरतात. 5 टक्क्यांची डबी कायदेशीर आणि 15 टक्क्यांचीही कायदेशीर. म्हणून किंमत बघून तुलना करण्यात अर्थ नाही.

मिश्रण करावं लागतं ते मालामुळेच. हिंग म्हणजे अफगाणिस्तान आणि इराणच्या कोरड्या, थंड डोंगरांत वाढणाऱ्या झाडाच्या मुळाचा चीक. झाड चार-पाच वर्षांचं झालं की फुलोऱ्याआधी मुळाभोवतीची माती काढतात, वरचा भाग कापतात, पाझरलेला चीक काही दिवसांनी खरवडतात आणि पुन्हा नवा काप देतात. मूळ कोरडं पडेपर्यंत हे साधारण तीन महिने चालतं. असा चिकट, उग्र गोळा चिमटीत घेऊन फोडणीत टाकता येत नाही. त्याला पिठात आणि डिंकात बांधावं लागतं. उत्तर प्रदेशातल्या हाथरसचा हिंगउद्योग याच कामावर उभा आहे, आणि मुंबईतली लालजी गोधू ही पेढी 1894पासून हेच करते आहे.

पूर्वी पोविंदा, म्हणजे अफगाण भटके व्यापारी, हिवाळ्याआधी उंटांचे तांडे घेऊन अफगाण सीमेवरच्या गोमल खिंडीतून खाली उतरत आणि हिंग, सुका मेवा हिंदुस्थानभर विकत. घेणारा वास, रंग आणि विकणाऱ्याची पत पाहून माल घेई. फाळणीनंतर या जुन्या वाटेवर सीमा आली. जून 2017मध्ये काबूल–दिल्ली हवाई मालवाहतूक सुरू झाली, तेव्हा पहिल्या विमानातल्या सुमारे 60 टन मालात मुख्यतः हिंगच होता. एप्रिल 2025मध्ये पाकिस्तान सीमेवरची अटारीची चौकी बंद झाली आणि जमिनीवरची वाट पुन्हा अडली. भारत वर्षाला सुमारे 1,200 टन कच्चा हिंग आयात करतो. हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमधल्या क्वारिंग गावात ऑक्टोबर 2020मध्ये पहिलं रोप लागलं, पण त्याला चीक द्यायला पाच वर्षं तरी लागतात, त्यामुळे अजून सगळी भिस्त आयातीवरच आहे. सीमेवर काही बिनसलं की कच्चा माल महागतो, आणि नियमाच्या चौकटीत राहूनही डबीतलं हिंगाचं प्रमाण कमी करता येतं. गिऱ्हाइकाला ते कळतं ते थेट आमटीत.

रोजच्या फोडणीला पिवळी पावडर सोयीची आहे. चार माणसांच्या वरणाला पाव चमचा पुरते. मोहरी तडतडल्यावर आच मंद करून हिंग घालावा आणि तीन-चार सेकंदांत डाळ किंवा भाजी टाकावी. तेलातून धूर येत असताना घातला तर त्यातलं पीठ जळतं, वरण कडवट होतं आणि दोष मात्र हिंगाला लागतो. पिवळा रंग बहुधा हळदीचा असतो, त्यावरून जोर ठरवू नये.

खरी चव हवी असेल तर बांधणी खडा घ्या, आमचं मत स्पष्टपणे त्याच्याच बाजूने आहे. कैरीच्या लोणच्याचा मसाला, मेतकूट, पापड यांना पावडर अपुरी पडते. खडा थोड्या तेलात मंद आचेवर फुलेपर्यंत तळावा, गार झाल्यावर कुटावा. मोठा खडा आतून कच्चा राहतो, म्हणून आधी फोडून घ्यावा. पापडाच्या पिठासाठी तो कोमट पाण्यात भिजवून ते पाणीच वापरावं.

‘शुद्ध’ म्हणून महाग मिळणारा हिंग घेतलात तर कण चिमट्यात धरून पेटवून बघा. शुद्ध हिंग कापरासारखा पेटतो. बांधणी हिंग तसा पेटणार नाही आणि त्यात भेसळ शोधण्याचं कारण नाही. पाण्यात ढवळून ठेवल्यावर तळाशी माती किंवा दगडाची पूड बसली तर मात्र तो माल परत करावा. शुद्ध हिंग मोहरीच्या दाण्याएवढाच वापरायचा असतो, जास्त झाला तर पदार्थ खाववत नाही.

घरात कुणाला गव्हाचं वर्ज्य असेल तर नेहमीची डबी चालणार नाही. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तोच घ्या आणि घटकांत ‘गहू’ किंवा ‘मैदा’ नाही ना, हे दर वेळी वाचा. साठवण काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, चहा-साखरेपासून लांब करा. प्लास्टिकच्या डब्याला वास धरतो आणि तो धुऊनही जात नाही.