अटलांटिकवरचे एकवीस दिवस आणि तीन लिटरचा कुकर

कॅनरी बेटांवरील लास पाल्मास बंदरातून निघून कॅरिबियनमधील सेंट लुसिया बेटाच्या रॉडनी बेमध्ये पोहोचेपर्यंत सुमारे २,७०० सागरी मैल कापावे लागतात. आम्ही चौघांनी अकरा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून हे अंतर एकवीस दिवसांत पार केले. त्या काळात एक दिवसही ज्याच्यावाचून भागले नाही, तो म्हणजे पुण्याहून नेलेला, झाकण आतून बसणारा, स्टेनलेस स्टीलचा तीन लिटरचा प्रेशर कुकर. हे परीक्षण कुकरच्या रचनेचे आहे, त्यामुळे कंपनीचे नाव येथे दिलेले नाही.

या मार्गावर ईशान्येचे व्यापारी वारे मागून येतात. त्यामुळे नौका एका अंगावर कलून स्थिर राहत नाही, तर रात्रंदिवस दोन्ही बाजूंना झुलत राहते. शेगडी तिच्या आसावर मोकळी टांगलेली असते आणि बहुतेक वेळा सपाट राहते, परंतु बाजूने एखादी आडवी लाट आली की तिचाही तोल जातो. किनाऱ्यापासून हजार मैलांवर उकळते वरण अंगावर सांडले तर रुग्णालय नाही, हेलिकॉप्टरही तिथवर पोहोचत नाही. म्हणूनच उकाडा असला तरी स्वयंपाक करताना जलरोधक विजार घालण्याचा नियम आम्ही पाळत होतो.

नवव्या दिवशी संध्याकाळी तसेच घडले. मुगाची खिचडी शिजत असताना नौका अशी फेकली गेली की कुकर शेगडीच्या पकडीतून निसटून फरशीवर आडवा पडला. शिट्टीतून थोडे पाणी आणि वाफ बाहेर आली, पण झाकण जागचे हलले नाही. आतून बसणाऱ्या झाकणाला वाफेचा दाब वरच्या काठावर घट्ट दाबून धरतो, आणि तो दाब उतरल्याशिवाय झाकण आत ढकलून काढता येत नाही. तीन तासांचा पहारा संपवून झोपेने डोळे मिटत असलेल्या माणसाने घाईने झाकणाला हात घातला तरी ते उघडणार नाही, हा गुण घरी सहसा लक्षात येत नाही. त्या रात्री आम्ही चौघांनी तीच खिचडी खाल्ली.

आकाराबाबत माझा स्पष्ट आग्रह आहे की चार माणसांसाठी तीन लिटरचाच कुकर घ्यावा. पाच लिटरचा भरलेला कुकर झुलत्या शेगडीवर वरच्या बाजूला इतका जड होतो की शेगडी सावरण्याऐवजी उलट कलंडू पाहते. लांब दांडा नौकेच्या लांबीच्या दिशेने ठेवावा. आडवा ठेवल्यास शेगडी त्या बाजूला झुकलेली राहते. डाळ-तांदूळ असतील तर कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, कारण हेलकाव्यांनी फेस वर चढतो आणि वाफेची नळी चोंदू शकते. उंच भिंतींचा आणखी एक लाभ असा की फोडणी त्याच भांड्यात देता येते. उघड्या कढईत तापलेले तेल समुद्रावर मी पुन्हा कधीही ठेवणार नाही.

गॅसची बचत डोळ्यांना दिसते. एक शिट्टी झाली की शेगडी बंद करून कुकर जाड टॉवेलात गुंडाळायचा आणि खोल सिंकमध्ये घट्ट बसवून ठेवायचा. अर्ध्या तासात भिजवलेली मटकी मऊ शिजते. युरोपात सर्वत्र मिळणाऱ्या २.७५ किलो ब्युटेनच्या निळ्या टाकीवर आमचे पंधरा दिवस निघाले. पाण्याचेही तसेच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे भाताला चार वाट्या गोड्या पाण्यात एक वाटी समुद्राचे पाणी घातले की वेगळे मीठ लागत नाही. सालीसकट बटाटे तर निव्वळ समुद्राच्या पाण्यातच उकडावेत. मात्र नंतर कुकर गोड्या पाण्याने विसळलाच पाहिजे, नाहीतर स्टीललाही बारीक खड्डे पडतात. ॲल्युमिनियमचा कुकर या कामासाठी नेऊच नये.

दोन आठवड्यांनी पालेभाजी संपते. मग कोबी, कांदे, लिंबे आणि ओल्या फडक्यात मोड आणलेली मटकी एवढेच ताजे अन्न उरते. पहाटे तीनच्या पहाऱ्यावरून भिजून खाली आलेल्या माणसाच्या हाती त्या उसळीची गरम वाटी देता येणे, याचे मोल मी कोणत्याही गुणांकात सांगू शकत नाही.

उणिवाही आहेत. बंद केबिनमध्ये शिट्टीची वाफ साचते आणि गाद्या ओलसर होतात. केबिनच्या छतावरची झडप उघडल्यावाचून कुकर लावू नये. दाब उतरायला वेळ लागतो. घाई असेल तर पायपंपाने समुद्राचे पाणी वरून सोडावे लागते. सर्वांत मोठी अडचण सुट्या भागांची आहे. लास पाल्मासच्या दुकानांत मला दिसलेले सगळे कुकर बाहेरून झाकण बसणारे होते, आणि त्यांची रिंग याला चालत नाही. माझी रिंग सतराव्या दिवशी सैल पडली. सुदैवाने घरून निघताना एक जास्तीची घेतली होती. पुढच्या प्रवासाला मी तीन रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह घेऊन जाईन, आणि ते सुकाणूच्या सुट्या भागांच्याच डब्यात ठेवीन.