गोगलगायी मारायच्या, जंत मारायचे की जनावरांची वाट बदलायची?

जनावरांना होणारे चपटे कृमी आधी पाण्याकाठच्या गोगलगायीत वाढतात. त्यामुळे शेण तपासलं, या कृमींची अंडी निघाली, की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो: डबक्यात काय टाकू? माझ्या मते हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न. आधी हातात रबरी मोजे घालून काठावरच्या मूठभर गोगलगायी गोळा करा. कुठल्या उपायाला आधी हात घालायचा, हे निम्मं तरी तिथेच ठरतं.

शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजव्या हाताला उघडत असेल आणि त्यावर झाकण नसेल, तर ती बहुधा लिम्निया गटातली, म्हणजे यकृतातला फॅसिओला हा कृमी जिच्यात वाढतो ती. शंख गुंडाळलेल्या पट्टीसारखा चपटा असेल तर आशियात तरी इंडोप्लॅनॉर्बिस या गोगलगायीचा संशय घ्यावा. तिच्यात पोटातले अँफिस्टोम कृमी वाढतात आणि रक्तातले शिस्टोसोमा कृमीही. तोंडावर घट्ट झाकण असलेली मोठी गोगलगाय दिसायला दांडगी, पण या तिन्ही कृमींच्या बाबतीत तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

जिवंत गोगलगायी काचेच्या बरणीत, स्वच्छ ताज्या पाण्यात ठेवून पाहा. बाधा असेल तर काही तासांत पाण्यात शेपटीवाले ठिपके, म्हणजे कृमींची पिल्लं, वळवळताना दिसू शकतात. फॅसिओलाचे असतील तर ते काचेला चिकटतात, शेपटी गळते आणि मागे पांढुरका दाणा उरतो. गवतावर नेमका हाच दाणा बसतो आणि घासाबरोबर पोटात जातो. काहीच दिसलं नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. बऱ्याच वेळा शंभरातल्या मोजक्याच गोगलगायी बाधित असतात.

शिस्टोसोमा दाण्याच्या भानगडीत पडतच नाही. जनावर पाण्यात उभं असताना तो थेट कातडीतून आत शिरतो. मोजे घालायला सांगितले ते यासाठीच. माणसाच्या कातडीलाही त्याने चांगली खाज सुटते. म्हणून चपटी गोगलगाय असेल आणि जनावरं नाकात गाठी होऊन घोरत असतील, तर चारा बदलून काही होणार नाही. जनावर पाण्यात उतरणंच थांबवायला हवं.

आता औषध. परिणाम सगळ्यात लवकर याचाच दिसतो आणि फसगतही याचीच जास्त होते. फॅसिओलाचा दाणा पोटात गेल्यावर पिल्लू कृमी सहा-आठ आठवडे यकृत पोखरत फिरतो, मग पित्तनलिकेत बसतो आणि साधारण दहा-बारा आठवड्यांनी अंडी द्यायला लागतो; उष्ण भागातला मोठा फॅसिओला आणखी वेळ घेतो. अल्बेंडाझोल आणि ऑक्सिक्लोझानाइड यकृतातले मोठे झालेले कृमीच मारतात. क्लोसँटेल साधारण सहा-सात आठवड्यांच्या पुढचे. अगदी कोवळे मारायचे तर ट्रायक्लाबेंडाझोल, पण त्याला दाद न देणारे कृमी ऑस्ट्रेलियात 1995 मध्येच नोंदले गेले आणि नंतर इतर देशांतही सापडले. कोवळ्या कृमींमुळेच कधी मेंढ्या पटापट मरत असतात आणि लेंड्यांत एकही अंडं नसतं. मारणारे कृमी अजून अंडी देण्याच्या वयाचेच नसतात. अशा वेळी मोठ्या कृमींचं औषध पाजणं म्हणजे वेळ घालवणं. अँफिस्टोमला पुन्हा वेगळा न्याय: तिथे ट्रायक्लाबेंडाझोल निकामी आणि ऑक्सिक्लोझानाइड उपयोगी. गाभण जनावराला सुरुवातीच्या काळात अल्बेंडाझोल नको, क्लोसँटेलचा डोस जास्त झाला तर जनावर आंधळं होऊ शकतं आणि दुभत्या जनावराच्या दुधाचा प्रश्न वेगळाच. पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय बाटली उघडू नका.

गोगलगायी मारणं ऐकायला मुळावर घाव वाटतं. निक्लोसामाइडने गोगलगायी मरतात, त्याबरोबर मासेही. मोरचुदाचंही तेच, शिवाय मेंढीला तांबं लवकर बाधतं. एवढं करून चिखलात खोल दडलेल्या काही वाचतात. या गोगलगायी उभयलिंगी असल्याने एकटी उरली तरी वसाहत पुन्हा उभी राहते. लहान, बंदिस्त डबकं असेल तरच मी याचा विचार करेन, ओढ्याला कधीच नाही. बदकं हा जास्त गमतीचा पर्याय. ती गोगलगायी खातात हे सगळ्यांना माहीत असतं, पण इंडोनेशियात भातखाचरांत याच्या पुढचं काम झालं. बदकांच्या विष्ठेतून येणारा एकायनोस्टोमा हा दुसराच कृमी गोगलगायीत शिरला की फॅसिओलाच्या वाढीला आडवा येतो. काट्याने काटा काढण्याचा प्रकार, पण त्यासाठी बदकांची विष्ठा शेणाबरोबर त्याच पाण्यात पडावी लागते.

राहिली जनावरांची वाट. फॅसिओलाच्या एका अंड्यातून निघालेली अळी दिवसभरात गोगलगाय न मिळाल्यास मरते, मिळाली तर तिचे शेकडो दाणे होतात. त्यामुळे ओलं शेण पाण्यात न पडू देणं स्वस्त आणि खात्रीचं. गोगलगाय कायम साचलेल्या, शेवाळी पाण्यातली असेल तर काठाला कुंपण आणि वर कोरड्या जागी हौद, एवढ्यात मोठं काम होतं. हौद गळका नको. त्याखालचा चिखल म्हणजे नवं डबकंच. लिम्नियातली जेमतेम सेंटिमीटरभराची चिखलातली जात असेल, तर ती खुरांच्या खड्ड्यांतही राहते, तळ्याला कुंपण घालून तिला फरक पडत नाही. तिथे चर काढून पाणी वाहतं करावं लागतं. कापून आणलेला चारा सुटला असं समजू नका. पाण्यालगतच्या बुंध्यावर दाणे जास्त असतात, तेव्हा कापणी वरून करा, किंवा चारा कडक उन्हात चांगला वाळवून घाला.

मी असतो तर आधी कुंपण किंवा चर, त्याच हंगामात कृमीच्या वयाप्रमाणे औषध, आणि डोस जनावराचं वजन करून, अंदाजाने नाही. दोन-तीन आठवड्यांनी शेण परत तपासायला द्या, तेही बुडाशी बसणारा गाळ पाहण्याच्या पद्धतीने. ही अंडी जड असतात. तरंगणारी अंडी पाहणाऱ्या नेहमीच्या तपासणीत ती हाती लागत नाहीत.